पाप

मैंदर्गीत घर घेतलं, म्हणजे भाड्यानं घेतलं,
दोन हजार आठशे, लाईट बिल वेगळं.
पिंपरीत एवढ्यात स्कूटरसुद्धा
सावलीत उभी करू देत नाहीत.

टेम्पोत निम्मा संसार आला.
कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं, तिथंच राहिलं,
तेवीस वर्षांचा डांबरगोळ्यांचा वास पोटात घेऊन.
वॉचमन म्हणाला, बघतो मी त्याचं.

"शांत आहे का तिकडं?" भाडं ठरवायच्या आधी
फोनवर मी कलशेट्टींना हेच विचारलं होतं.
ते म्हणाले, "दंगा कशाचा हो बाई,
दुपारचं कुत्रंबी भुंकत नाही बघा."

पहिले दोन महिने खरंच शांत गेले.
आवाज होते. गिरणी, बकऱ्या, पत्र्यावर वाळत घातलेल्या
शेंगांवरून पळणारी खार.
माणसंही बोलत होती, पण सगळं कानडी,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं, चरचर, की संपलं.
छप्पन्न वर्षांत पहिल्यांदाच
कान उघडे असून कुणाचं काही ऐकावं लागलं नाही.

एक शब्द मात्र कळायचा.
कट्ट्यावर तिघी बसलेल्या,
मी पिशवी घेऊन पुढं गेले की मागून हळूच,
"ओब्बाकी... पाप."
दुधाला जाताना पाप.
एसटीतून उतरताना पाप.
मी रात्री हिशेबाला बसले.
कोणतं?
नवऱ्याला दाराबाहेर उभं ठेवलं ते?
आईला शेवटचे नऊ दिवस
पगारी बाईच्या भरवशावर टाकलं ते?
भावाच्या कागदावर सही केली नाही ते?
आणि इतक्या लांब, कर्नाटकाच्या वेशीपाशी,
ही बातमी आणली कुणी?

शेवटी निंगव्वालाच विचारलं, शेंगा फोडता फोडता.
ती हसली, पदर तोंडाला लावून.
"ओब्बाकी म्हंजे एकटी. पाप म्हंजे बिचारी की हो!
तुमच्यात काय म्हंतेत?"
आमच्यात, म्हटलं, आमच्यात ते वेगळं असतं.
हातातली शेंग खवट निघाली.
थुंकले नाही, गिळून टाकली.

त्या दिवसापासून शांतता गेली.
नीर, ऊटा, रोक्का, ब्याड,
शब्द एकेक करून उंबऱ्याच्या आत येऊन बसले
पाहुण्यांसारखे, उठायचं नाव नाही.
आता भिंतीपलीकडचं कळतं.
महबूबच्या टमटमचे तीन हप्ते तटलेत.
सुगलाबाईची सून माहेराहून यायला ब्याड म्हणते,
आणि का म्हणते तेही कळतं,
ते कळलं नसतं तर बरं होतं.

दाताला अक्कलकोट, डोळ्याला सोलापूर.
रेंज मिळते ती फक्त गच्चीवर, टाकीला टेकून,
तिथं छत्री धरून मी पुण्याच्या लोकांचे
ऱ्हस्व-दीर्घ तपासते, पानाला अठरा रुपये.
मे महिन्यात उशीची दुसरी बाजूसुद्धा तापलेली असते.
स्वस्त आहे. एवढं खोटं नाही.

काल रात्री शरयूचा फोन आला.
तिचं भाडं एकोणीस झालं,
नाहीतर महिनाअखेर खोली सोडा म्हणतोय मालक.
माझ्या तोंडातून आपसूक गेलं,
"पाप."
पलीकडं एकदम गप्प.
मग, जपून, "कसलं पाप गं? कुणी केलं?"
सांगणार होते,
तेवढ्यात बोळात घागरींचा दणका उठला,
चौथ्या दिवसाचं पाणी,
आणि निंगव्वा माझ्याच नावानं ओरडत होती,
"नीर बंतु, बर्री, लगू बर्री!"
"थांब," मी शरयूला म्हटलं, "थांब जरा, नीर..."
आणि फोन तसाच, चालू,
टाकीवर ठेवून जिना उतरले.